३०० एमबीपीएसचं फायबर, अपलोड मात्र १६ वर: अडतंय कुठे?

माझा मावसभाऊ नाशिकमध्ये लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. मागच्या वर्षी त्याला न्यू जर्सीतल्या एका मराठी स्टुडिओचं काम मिळालं. शूट तिकडे, एडिटिंग इकडे. कच्चं फुटेज एका मोठ्या क्लाउड सेवेवरून डाउनलोड करायचं आणि तयार झालेली फाइल थेट स्टुडिओच्या स्वतःच्या सर्व्हरवर चढवायची. एका लग्नाची फाइल साधारण ४० जीबी. घरी ३०० एमबीपीएसचं फायबर, आणि प्लॅन असा की डाउनलोडही ३०० आणि अपलोडही ३००. हिशोबाने फाइल १८ मिनिटांत जायला हवी.

लागत होते साडेपाच तास.

कस्टमर केअरला फोन केला की उत्तर ठरलेलं, "सर, स्पीड टेस्ट करून बघा." टेस्टमध्ये अपलोड २८५. "म्हणजे आमच्याकडून काही प्रॉब्लेम नाही सर." त्याने राउटर बदलला, मग जास्त पैसे भरून ५०० चा प्लॅन घेतला. अपलोड १६ होतं ते १६ च राहिलं. पहिल्या दोन ऑर्डरी एकेक दिवस उशिरा पोचल्या. तिसरी आलीच नाही. तेव्हा त्याचा मला फोन आला, "अरे, ही लोकं मला गंडवतायत का?"

गंडवत कोणीच नव्हतं. कंपनीची लाइन खरंच ३०० ची होती, टेस्टही खरी होती आणि अपलोडही खरंच १६ वर अडकलं होतं. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, हे समजून घेण्यासारखं आहे. कारण आज आपल्यातला जवळपास प्रत्येक जण काही ना काही अपलोड करतो. रील, गुगल फोटोजचा बॅकअप, कॉलेजचा प्रोजेक्ट, नोकरीसाठीचा व्हिडिओ रेझ्युमे. आणि प्लॅन निवडताना मात्र आपण अजूनही डाउनलोडचाच आकडा बघतो.

आधी एक छोटी गोष्ट, कारण अर्ध्या तक्रारी इथेच संपतात. कंपनी सांगते ते मेगाबिट, आणि अनेक अॅप दाखवतात ते मेगाबाइट. एका मेगाबाइटमध्ये आठ मेगाबिट. १०० एमबीपीएसच्या लाइनवर अॅपने १२ एमबी दाखवले तर सगळं उत्तम चाललंय. आणि तुमचा आकडा कायम ९३-९५ एमबीपीएसवर अडून बसत असेल, तर घरातली लॅन केबल किंवा जुना राउटर १०० च्या वर जातच नाहीये. केबल बदला, पुढे वाचायची गरज नाही.

स्पीड टेस्ट खोटं बोलत नाही, पण सगळं सांगतही नाही

नेहमीची स्पीड टेस्ट तुमच्या जवळचा सर्व्हर शोधते. नाशिकमधून केली तर तो बहुतेक वेळा मुंबईतला, काही वेळा तर तुमच्याच कंपनीच्या नेटवर्कमधला. शिवाय ती एकाच वेळी अनेक कनेक्शन उघडते. यातून एकच गोष्ट कळते, की तुमच्या घरापासून मुंबईपर्यंतचा पाइप किती रुंद आहे. तुमची फाइल मात्र मुंबईत थांबणार नसते.

इंटरनेटवर फाइल एकसंध जात नाही. तिचे साधारण दीड हजार बाइटचे तुकडे होतात, त्यांना पॅकेट म्हणतात. समोरचा सर्व्हर पॅकेट मिळाल्याची पोच परत पाठवतो. पाठवणारा काही पॅकेट पुढे सोडतो, पोच यायची वाट बघतो, मग पुढची सोडतो. एसटीने पार्सल पाठवणाऱ्या दुकानदाराचं उदाहरण घ्या. त्याचा नियम असा, की एका वेळी दहाच खोकी वाटेत असतील, पोच आली की पुढची दहा. पार्सल सिन्नरला जात असेल तर दिवसातून चार फेऱ्या होतील. तेच नागपूरला जात असेल तर दोन दिवसांत एक. रस्ता सहा पदरी केला तरी त्याचा धंदा वाढणार नाही.

आता खरे आकडे. नाशिकहून मुंबईच्या सर्व्हरला जाऊन पोच परत यायला ५-६ मिलिसेकंद लागतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर जाऊन यायला साधारण २००. हा वेळ कमी करणं कोणत्याही कंपनीच्या हातात फारसं नाही, कारण काचेच्या तारेत प्रकाशच सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो.

३०० एमबीपीएसचा पाइप २०० मिलिसेकंदांच्या अंतरावर पूर्ण भरलेला ठेवायचा असेल, तर कोणत्याही क्षणी साडेसात मेगाबाइट माल वाटेत असायला हवा. म्हणजे ५,१०० च्या आसपास पॅकेट, ज्यांची पोच अजून यायची आहे. १ जीबीपीएसच्या लाइनला हाच आकडा २५ मेगाबाइट होतो. जुन्या टीसीपीमध्ये एका वेळी जास्तीत जास्त ६४ किलोबाइटच वाटेत ठेवता यायचे. त्या हिशोबाने अमेरिकेपर्यंतचा वेग कोणत्याही लाइनवर २.६ एमबीपीएसच्या पुढे जाऊच शकला नसता. ही मर्यादा वाढवायची सोय १९९२ मध्ये आली, म्हणून आज तेवढं वाईट नाही. पण तत्त्व तेच आहे. पाइप जितका रुंद आणि अंतर जितकं लांब, तितका जास्त माल उधारीवर वाटेत सोडायची हिंमत लागते.

छोट्या फाइलचं तर आणखी मजेशीर आहे. कोणतंही नवं कनेक्शन सुरुवातीला सहसा फक्त दहा पॅकेट सोडतं, पोच आली की वीस, मग चाळीस. ३ एमबीचा एक फोटो म्हणजे दोन हजारांहून जास्त पॅकेट. तो अमेरिकेतल्या सर्व्हरला थेट पाठवायचा तर आठेक फेऱ्या आणि सुरुवातीची ओळखपाळख धरून दोन सेकंद जातात. लाइन १०० ची असो की १००० ची, दोन सेकंदच. एकेक करून चढवले तर ५०० फोटोंना सोळा-सतरा मिनिटं. तेच झिप करून एका फाइलमध्ये पाठवले तर फरक लगेच दिसतो.

लाल समुद्रात केबल तुटली, परिणाम आपल्याकडे

६ सप्टेंबर २०२५ ला सौदी अरेबियातल्या जेद्दाजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या. त्यात 'सी-मी-वी ४' आणि 'आयएमईडब्ल्यूई' या दोन होत्या, आणि दोन्ही भारताला युरोपशी जोडतात. मायक्रोसॉफ्टने आपल्या अझ्युर ग्राहकांना कळवलं की मध्यपूर्वेतून जाणाऱ्या ट्रॅफिकची लेटन्सी वाढेल, कारण तो दुसऱ्या रस्त्याने वळवलाय. त्याच्या आदल्या वर्षी, २०२४ च्या सुरुवातीलाही लाल समुद्रात केबल तुटल्या होत्या.

अशा दिवसांत आपल्याकडे बातमी येते, 'इंटरनेट स्लो होणार'. मग आपण स्पीड टेस्ट करतो, ती झकास येते आणि आपण म्हणतो, काही झालं नाही. पण जर्मनीतल्या सर्व्हरवर काम पाठवणाऱ्याला विचारा. रस्ता वळवला की पोच उशिरा येते. वाटेत ठेवता येणारा माल तेवढाच असेल आणि जाण्यायेण्याचा वेळ दुप्पट झाला, तर वेग सरळ निम्मा. लाइन तीच, राउटर तोच, बिलही तेच. त्यात वळवलेल्या रस्त्यावर गर्दी झाली तर पॅकेट गळायला लागतात, आणि खरा घात तिथे होतो.

एक पॅकेट हरवलं तर किती बिघडतं?

ऑक्टोबर १९८६. अमेरिकेत लॉरेन्स बर्कली लॅब आणि बर्कली विद्यापीठ यांच्यात जेमतेम ४०० यार्डांचं अंतर, म्हणजे चालत पाच मिनिटं. तिथला वेग ३२ हजार बिट्स प्रति सेकंदावरून घसरून ४० बिट्सवर आला. हजार नाही, नुसते चाळीस. कारण सगळी कॉम्प्युटर हरवलेली पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत सुटली होती, आणि त्यामुळे गर्दी आणखी वाढत होती. व्हॅन जेकबसन यांनी त्यावर उपाय काढला आणि १९८८ च्या पेपरमध्ये मांडला. पॅकेट हरवलं तर समजायचं की पुढे गर्दी आहे. आपला वेग लगेच कमी करायचा आणि मग हळूहळू वाढवत न्यायचा.

या शहाणपणामुळे इंटरनेट वाचलं. पण त्यात एक गृहीतक आहे, की पॅकेट हरवतं ते गर्दीमुळेच. केबलचा पिन सैल असेल, फायबर खिळ्याजवळ वाकलेली असेल, वाय-फाय भिंतीपलीकडून येत असेल, तरी पॅकेट हरवतं. पाठवणाऱ्याला हा फरक कळत नाही. रस्ता मोकळा असला तरी तो घाबरून वेग कमी करतो.

किती कमी? मूळ पद्धतीत एक पॅकेट हरवलं की वाटेतला माल निम्मा होतो आणि मग प्रत्येक फेरीला एकेक पॅकेटने वाढतो. आपल्या ५,१०० पॅकेटच्या हिशोबात, निम्म्यावरून परत पूर्ण वेगाला यायला साधारण २,५५० फेऱ्या. दर फेरी ०.२ सेकंद, म्हणजे साडेआठ मिनिटं. आता समजा तुमच्या केबलमध्ये दर दहा हजारांतलं फक्त एक पॅकेट गळतंय. ३०० एमबीपीएसच्या वेगाने दहा हजार पॅकेट ०.४ सेकंदात जातात. सावरायला साडेआठ मिनिटं हवीत आणि पुढची ठेच अर्ध्या सेकंदाच्या आत. अपलोड कधी उभंच राहत नाही. या पद्धतीचं जे जुनं गणित आहे त्यानुसार, दहा हजारांत एक गळती आणि २०० मिलिसेकंद या जोडीला एका कनेक्शनची कमाल मर्यादा येते ७ एमबीपीएस. तीच गळती, पण सर्व्हर ५ मिलिसेकंदांवर असेल तर २८५.

हाच तो आकडा जो टेस्टमध्ये दिसतो आणि कस्टमर केअरला समाधान देतो.

असं फक्त आपल्या घरात घडतं असं नाही. अमेरिकेतल्या प्रयोगशाळांना जोडणाऱ्या 'ईएसनेट' या अतिवेगवान नेटवर्कवर एकदा १० जीबीपीएसच्या राउटरमधलं एक कार्ड बिघडलं. ते दर २२ हजारांतलं एक पॅकेट टाकत होतं, ०.००४६ टक्के. राउटर स्वतः कसलीही चूक नोंदवत नव्हता. जवळच्या लोकांना काही जाणवलं नाही. दूरच्या प्रयोगशाळांशी डेटाची देवाणघेवाण करणाऱ्यांचा वेग मात्र कोसळला. तिथे तर या विषयातले एकाहून एक तज्ज्ञ बसलेले होते.

डाउनलोडला पाठवणारे ते, अपलोडला तुम्ही

आता मुख्य मुद्दा, जो मला वाटतं फारसा कोणी सांगत नाही. वेग किती ठेवायचा, हे पाठवणारा ठरवतो. तुम्ही यूट्यूब बघता तेव्हा पाठवणारा गुगलचा सर्व्हर असतो. तो तुमच्या जवळ आणून ठेवलेला आहे, त्याच्यावर इंजिनिअरांनी वर्षानुवर्षं मेहनत घेतलीय. गुगलने २०१६ मध्ये बीबीआर नावाची पद्धत आणली. ती एखादं पॅकेट हरवलं म्हणून लगेच घाबरत नाही, रस्ता खरोखर किती वेगाने माल नेतोय ते मोजत राहते. यूट्यूबवर तिचा वापर तेव्हाच सुरू झाला.

अपलोड करताना पाठवणारे तुम्ही. तुमचा फोन, तुमचा लॅपटॉप. तिथे सहसा क्युबिक नावाची पद्धत असते, लिनक्समध्ये ती २००६ पासून मूळ सेटिंग आहे. ती ८८ सालच्या पद्धतीपेक्षा बरीच चपळ आहे, पण स्वभाव तोच, पॅकेट हरवलं की माघार. वरच्या उदाहरणात ७ च्या जागी ती पंधरा-अठरापर्यंत नेईल. मावसभावाचा १६ चा आकडा आठवतोय ना?

म्हणून फुटेज झपकन यायचं आणि तयार फाइल रखडायची. येताना मोठ्या कंपनीचा कसलेला सर्व्हर जवळून पाठवत होता. जाताना नाशिकमधला एक जुना पीसी अर्ध्या पृथ्वीपलीकडे पाठवत होता. रुंद पाइप दोघांनाही सारखाच मिळाला होता.

आम्ही ते कसं शोधलं

पहिली गोष्ट, तीच फाइल गुगल ड्राइव्हवर चढवून बघितली. २४० एमबीपीएस. म्हणजे लाइन ठीक आहे आणि फोन करून भांडण्यात अर्थ नाही. मोठ्या सेवांवर अपलोड केलं की तुमचं कनेक्शन त्यांच्या जवळच्या दारात संपतं. पुढचा प्रवास त्यांच्या नेटवर्कचा. त्यामुळे 'ड्राइव्हवर जोरात, दुसरीकडे हळू' असं दिसलं तर दोषाचा शोध अंतर आणि गळतीकडे वळवायचा.

मग एम-लॅबची एनडीटी नावाची टेस्ट केली. ती अनेक नाही, एकच कनेक्शन वापरते. इथे आकडा २८५ वरून १९० वर आला, तोही मुंबईच्या सर्व्हरला. पहिला संशय. जवळच्या सर्व्हरला एकच कनेक्शन कमी पडतंय म्हणजे काहीतरी गळतंय.

पिंग करून गळती सापडेल असं त्याला वाटत होतं. शंभर पिंग केले, शंभर परत आले. अर्थात! दहा हजारांतलं एक शोधायला शंभर पिंग म्हणजे गवताच्या गंजीच्या एका काडीत सुई शोधणं. त्यापेक्षा राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येक पोर्टचा 'एरर' किंवा 'सीआरसी' हा रकाना बघितला. फायबरचा डबा आणि राउटर यांना जोडणाऱ्या पोर्टवर आकडा होता काही हजार, आणि पाच मिनिटांनी रिफ्रेश केल्यावर वाढलेला. तेवढं पुरे होतं. फायबरच्या डब्यातला सिग्नलही बघितला, तो उणे २१ डीबीएम होता. उणे २७ च्या जवळ गेला असता तर कंपनीच्या माणसाला बोलवावं लागलं असतं.

दोष निघाला एका फूटभर पॅच केबलमध्ये. पीसीच्या टेबलाचा पाय तिच्यावर होता. नवी केबल १५० रुपयांना.

केबल बदलल्यावर न्यू जर्सीपर्यंतचं अपलोड ११० वर गेलं. त्याने मला मिठीच मारली, पण मला प्रश्न होता की २८० का नाही. उत्तर अंतराच्या हिशोबातच होतं. त्याच्या पीसीवर मी उबुंटू टाकून दिलेलं आहे, आणि लिनक्स मूळ सेटिंगमध्ये एका कनेक्शनला पाठवायचा माल ठेवायला जास्तीत जास्त ४ एमबी जागा देतं. ४ एमबी भागिले ०.२ सेकंद म्हणजे कागदावरच छत १६० च्या जरा पुढे, प्रत्यक्षात त्याहून कमी. दोन वाटा होत्या. ही जागा वाढवायची, किंवा फाइलचे भाग करून एकाच वेळी सहा-आठ कनेक्शनने पाठवायची. आम्ही दुसरी निवडली, आरक्लोन नावाच्या फुकट प्रोग्रॅमने. आकडा २५० च्या वर गेला. बीबीआर चालू करायचा मोह मला झाला होता. पण त्याच्या पहिल्या आवृत्तीबद्दल तक्रार आहे की ती शेजारच्या कनेक्शनना रेटून बाजूला सारते. गळती गेल्यावर त्याची गरजही उरली नव्हती.

तुमच्याकडे आरक्लोन वगैरे नसेल तर सोपा मार्ग असा, की फाइल ड्राइव्हसारख्या सेवेवर चढवायची आणि समोरच्याला लिंक द्यायची. ज्याला पर्याय असेल त्याने थेट दूरच्या सर्व्हरवर अपलोड करूच नये, असं माझं मत आहे.

आणि फक्त फोन असेल तर?

मोबाइलवर गोष्ट वेगळी आहे, तिथे पाइपच एका बाजूने अरुंद आहे. भारतात ५जी १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं. त्याच्या ३.३ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येणं आणि जाणं एकाच फ्रीक्वेन्सीवर, आलटूनपालटून होतं. जगभर सर्रास वापरली जाणारी एक मांडणी अशी आहे, की वेळेच्या पाच तुकड्यांपैकी तीन पूर्ण डाउनलोडला, एक मिश्र आणि एक अपलोडला. म्हणजे टॉवर रिकामा असला तरी तुमच्या वाट्याला जेमतेम पाचवा हिस्सा. त्यात तुमचा फोन साधारण ०.२ वॉट ताकदीने बोलतो आणि टॉवर त्याच्या शेकडो पट. टॉवरचा आवाज तुमच्या बेडरूमपर्यंत येतो, तुमचा त्याच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून फोनवर ५जीच्या कांड्या फुल आणि रील मात्र ४० टक्क्यांवर अडकलेली, हे चित्र खोटं नाही. त्या कांड्या टॉवरचा आवाज किती येतो ते दाखवतात, तुमचा किती जातो ते नाही.

यावर काय करता येईल? खिडकीत किंवा गच्चीत जा. हसू नका, अपलोडला याचा डाउनलोडपेक्षा जास्त फायदा होतो. घरात सिग्नल कमजोर असेल तर काही वेळ फोन ४जीवर टाकून बघा. ४जीच्या काही पट्ट्यांत अपलोडला वेगळी, राखीव फ्रीक्वेन्सी असते आणि खालच्या फ्रीक्वेन्सी भिंतीतून बऱ्या जातात, त्यामुळे कधीकधी ५जीपेक्षा ४जीचं अपलोड जास्त स्थिर मिळतं.

घरात एकाने बॅकअप लावला की दुसऱ्याचा व्हिडिओ कॉल फाटायला लागतो, हाही अपलोडचाच खेळ. राउटरमध्ये पॅकेटची रांग इतकी लांब लागते की कॉलचं पॅकेट रांगेत सेकंदभर उभं राहतं. जिम गेटिस यांनी दीड दशकापूर्वी याला 'बफरब्लोट' हे नाव दिलं आणि त्यावर चांगले उपाय तेव्हापासून आहेत. राउटरमध्ये एसक्यूएम नावाची सोय असेल तर ती चालू करून अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५-९० टक्के ठेवा. वेग थोडा कमी होतो, कॉल मात्र चालतो. स्वस्त राउटरमध्ये ही सोय सहसा नसते, आणि कंपनीने फुकट दिलेल्या डब्याबद्दल तर बोलायलाच नको.

व्याख्येत अपलोड नाहीच

जानेवारी २०२३ मध्ये भारताने ब्रॉडबँडची व्याख्या बदलली. आधी किमान ५१२ केबीपीएस होतं, ते २ एमबीपीएस केलं. हा आकडा डाउनलोडचा. अपलोडला किमान किती असावं, याचा त्यात आकडा नाही. अमेरिकेच्या एफसीसीने मार्च २०२४ मध्ये आपली व्याख्या २५ आणि ३ वरून १०० आणि २० वर नेली, १०० डाउनलोड आणि २० अपलोड. २० हा आकडा पुरेसा आहे की नाही यावर वाद घालता येईल. पण आकडा आहे, त्यामुळे वाद तरी घालता येतो.

आपल्याकडे नसल्यामुळे काय होतं ते बघा. जाहिरातीत 'अपटू ३०० एमबीपीएस' लिहिलेलं असतं आणि अपलोड किती ते बारीक अक्षरातही शोधावं लागतं. घराघरांत बसवलेलं जीपॉन हे फायबरचं तंत्र मुळातच दुजाभाव करणारं आहे. एका तारेवर येताना सुमारे २.५ जीबीपीएस, जाताना १.२५, आणि ती तार ३२ किंवा ६४ घरांत वाटलेली. त्यात चूक काही नाही, पंधरा वर्षांपूर्वी लोक बघायचे जास्त, पाठवायचे कमी. आता नाशिक, सांगली, अकोल्यात बसून बाहेरची कामं करणारी पोरं आहेत, त्यांची कमाई जाणाऱ्या बाजूवर अवलंबून आहे. दोन्हीकडे १० जीबीपीएस देणारं एक्सजीएस-पॉन हे तंत्र अस्तित्वात आहे. ग्राहकाने विचारलंच नाही तर कंपनी त्यावर खर्च कशाला करेल?

म्हणून नवीन कनेक्शन घेताना दोन प्रश्न विचारा. अपलोड किती, तो आकडा लेखी द्याल का? आणि फायबरचा डबा बसवून गेल्यावर सिग्नलचा डीबीएम किती आला? दुसऱ्या प्रश्नावर बसवायला आलेला माणूस जरा चमकून बघेल, पण मीटर त्याच्या बॅगेत असतो. आकडा वहीत लिहून ठेवा, सहा महिन्यांनी वेग पडला तर तुलनेला उपयोगी पडेल. ट्रायचं 'मायस्पीड' अॅपही फोनवर ठेवा. त्यात डाउनलोडसोबत अपलोडही मोजला जातो, आणि अपलोडचा आकडा हातात असला की तक्रार नुसत्या 'स्लो आहे'वर थांबत नाही.

मावसभावाने ५०० चा प्लॅन परत ३०० वर आणला. त्या स्टुडिओला त्याने स्वतःहून मेल केला, की आता फाइल अर्ध्या तासात पोचते, एक ट्रायल द्या. त्यांनी एका बारशाचा दहा मिनिटांचा व्हिडिओ पाठवलाय.